हा धडा घरी वाचून या

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2 या पुस्तकात 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग 2' नावाचा धडा आहे. बालभारतीने तो मराठीत छापलाय आणि उर्दूतही. अमिबाचं विभाजन, फुलांचं परागण, मग स्त्री-पुरुषांची प्रजननसंस्था, मासिक पाळी, जुळी मुलं, आय.व्ही.एफ., सरोगसी असे विषय त्यात आहेत. म्हणजे सरकारने, तज्ज्ञांच्या समितीने आणि परीक्षा मंडळाने मिळून ठरवलंय की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना हे कळलं पाहिजे.

प्रत्यक्षात काय होतं? अमिबा शिकवून होतो. फूलही शिकवून होतं. मग पुस्तक मिटतं आणि वर्गात एक वाक्य ऐकू येतं : "पुढचं घरी वाचून या."

घरी कोण वाचणार, आणि कोणासमोर?

मी विज्ञान शिकवत नाही. मी मालवणच्या किनाऱ्यावर उर्दू आणि मराठी शिकवते. पण त्या तासानंतरचा तास अनेकदा माझा असतो. मुली मान खाली घालून बसलेल्या, मुलं मागच्या बाकावर खिदळत असलेली. जे शिकवायचं राहिलं ते मुलांना मोबाइलने शिकवलेलं असतं, आणि कसं शिकवलंय ते त्यांच्या हसण्यावरून कळतं. मुलींना कोणीच काही शिकवलेलं नसतं.

माझी एक विद्यार्थिनी होती. तपशील बदलून सांगते, कारण गाव लहान आहे. अक्षर सुंदर, उर्दू आणि मराठी दोन्हीत. सहामाही झाली आणि ती शाळेत यायची थांबली. घरच्यांनी सांगितलं, मुंबईला मावशीकडे गेली आहे. आपल्याकडे मुंबईची मावशी फार उपयोगी असते, कोणतीही गोष्ट तिच्याकडे पाठवता येते. दोन वर्षांनी ती मला एस.टी. स्टँडवर भेटली. मी काही विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं. पाळी चुकली तेव्हा तिला वाटलं अशक्तपणा आहे. आईने गूळ-शेंगदाणे खायला दिले. पाचवा महिना लागल्यावर घरात कळलं. एका डॉक्टरांनी पोलिसांच्या भीतीने दारातूनच परत पाठवलं. मग रात्री गाडी करून कुठेतरी नेलं. कुठे, ते मी लिहीत नाही. ती वाचली. शाळा मात्र संपली ती संपलीच. तो मुलगा त्याच गावात बोटीवर जातो. त्याला कोणी मावशीकडे पाठवलं नाही.

जाताना ती म्हणाली, "टीचर, पाळी चुकली म्हणजे काय होतं, एवढं तरी मला कोणी सांगायला पाहिजे होतं."

त्या पुस्तकात ते होतं. आम्ही पान उलटलं नाही. त्या 'आम्ही'त मीही आहे, म्हणून हा लेख.

शरम कोणाची?

असं काही बोललं की पहिला शब्द येतो 'हया'. मागे एका पालकसभेत मी सातवी ते दहावीच्या मुलींसाठी डॉक्टर बाईंना बोलवायचं सुचवलं, तेव्हा एक पालक उठून म्हणाले, "टीचर, चेडवांक ह्या सगळा कित्याक शिकवतास?" सभा हसली. विषय संपला.

मी दीनदार घरातली आहे. हया हा ईमानचा भाग आहे हे मला कोणी शिकवायची गरज नाही. पण हया म्हणजे अज्ञान, हे कुठे लिहिलंय? हजरत उम्मे सुलैम (र.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर येऊन स्त्रीच्या शरीराविषयी असा प्रश्न विचारला की आज तो आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येही कोणी मोठ्याने विचारणार नाही. प्रेषितांनी त्यांना गप्प केलं नाही, उत्तर दिलं. हजरत आयेशा (र.) यांनी अन्सारांच्या स्त्रियांचं कौतुक केलं ते याचसाठी, की दीन समजून घेताना लाज त्यांच्या आड आली नाही. या गोष्टी हदीसच्या सर्वांत विश्वासार्ह संग्रहांत आहेत. आपण त्या बयानात ऐकतो, मान डोलावतो, आणि घरी येऊन मुलीला सांगतो, "गप्प बस."

पूर्वी कित्येक घरांत मुलीला लग्नात 'बहिश्ती ज़ेवर' देत. त्यात हैज़, निफ़ास, गुस्ल यांचे मसले सविस्तर आहेत. मकतबात मोठ्या मुलींना हे मसले आजही शिकवले जातात. तेव्हा 'आपल्यात असलं बोलत नाहीत' हे खरं नाही. आपल्यात बोलतात. आपण मुलीला नमाज़ कधी माफ आहे ते सांगतो. त्याच शरीरात गर्भ कसा राहतो, हे सांगायचं टाळतो. अर्धी गोष्ट सांगायची आणि उरलेली अर्धी तिच्या नशिबावर सोडायची, याला हया म्हणत नाहीत.

ज़िना हराम आहे, यावर माझं दुमत नाही. ते मी वर्गातही सांगते. पण माहिती देणं म्हणजे परवानगी देणं नाही. आपण पोराला पोहायला शिकवतो म्हणजे त्याला पावसाळ्यात खवळलेल्या दर्यात जायला सांगत नाही. दर्या दारात आहे म्हणून शिकवतो.

'बिघडतील' म्हणणाऱ्यांसाठी

दुसरा आक्षेप सर्व धर्मांत सारखाच आहे. शिकवलं तर पोरं बिघडतील. यात आपली मक्तेदारी नाही. 2005 साली केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला. 2007 साली अनेक राज्यांनी तो नाकारला आणि त्यात आपला पुरोगामी महाराष्ट्रही होता. तेव्हा दुहाई भारतीय संस्कृतीची दिली गेली. मौलवी आणि संस्कृतिरक्षक एरवी एका सतरंजीवर बसत नाहीत. मुलींना अज्ञानात ठेवायचं म्हटलं की जागा होते.

शिकवल्याने मुलं बिघडतात का, हे जगात पुष्कळदा तपासून झालंय. युनेस्कोने 2018 साली आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत देशोदेशींच्या अभ्यासांचा आढावा घेतला. असं शिक्षण मिळाल्याने मुलं लवकर संबंध ठेवू लागतात, असं आढळलं नाही. इंग्लंडमध्ये 1999 साली सरकारने दहा वर्षांचा कार्यक्रम आखला. शाळेत शिक्षण, तरुणांना बिनधास्त जाता येईल असे दवाखाने आणि प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी ठरवलेली. 1998 साली तिथे अठरा वर्षांखालच्या दर हजार मुलींमागे 46.6 गर्भधारणा होत होत्या, 2014 साली हा आकडा 22.8 वर आला. निम्म्याहून कमी. जादू नव्हती. शिक्षण, आरोग्य आणि समाजकल्याण या तीन खात्यांनी एकमेकांशी बोलायला सुरुवात केली होती.

आणि परदेश कशाला? हे सगळं सांगणारा माणूस आपल्याच कोकणचा होता. दापोलीजवळच्या मुरुडचे रघुनाथ धोंडो कर्वे. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. 1927 पासून 1953 साली मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. पुढे 1938 साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, त्यामागेही आंबेडकरच होते. तोही नामंजूर झाला. शंभर वर्षं झाली. कर्व्यांचे सगळेच विचार मला पटत नाहीत. ते नास्तिक होते, मी नाही. पण शंभर वर्षांपूर्वी कोकणातल्या माणसाने नोकरी गमावून जे सांगितलं, ते आज पगार घेऊनही आम्ही शिक्षक सांगू शकत नसू, तर आम्ही कसले शिक्षक?

'लग्न लावून टाका'

तिसरा आक्षेप नसतो, तो उपाय असतो. पोर मोठी दिसायला लागली, लावून टाका निकाह. मग पोट आलं तरी बोभाटा नाही.

शरीराला निकाहनामा वाचता येत नाही. सोळा वर्षांच्या मुलीची हाडं, तिचं रक्त, तिचा रक्तदाब लग्न झालंय म्हणून वेगळा वागत नाही. जगभरात 15 ते 19 वयाच्या मुलींच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांत गरोदरपण आणि बाळंतपण आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. झटके, जंतुसंसर्ग, कमी वजनाचं बाळ, हे सगळं कोवळ्या वयात जास्त होतं. आणि 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की पत्नी अठरा वर्षांखालची असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कारच आहे. म्हणजे 'इज्जत वाचवायला' लावलेलं ते लग्न जावयाला तुरुंगात नेऊ शकतं.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 7.6 टक्के आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशाची सरासरी 6.8 आहे. म्हणजे आपलं राज्य इथे सरासरीच्याही मागे आहे. परभणी आणि बीडमध्ये अठराच्या आतल्या लग्नांचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर. कोकणात परिस्थिती तेवढी वाईट नाही आणि त्याचं कारण आपली शराफत नव्हे, शाळा आहे. त्याच पाहणीत देशभरातल्या न शिकलेल्या मुलींत 18 टक्के किशोरवयात आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. बारावी वा पुढे शिकलेल्यांत 4 टक्के.

पण आपल्या उर्दू शाळांतल्या मुलींचं काय होतं? दहावीपर्यंत सगळं छान. पुढे उर्दूतून कॉलेज जवळ नाही, मराठी कच्चं म्हणून मराठी कॉलेजची भीती, आणि एस.टी.ने एकटी जाणार कशी हा वडिलांचा प्रश्न. एस.टी.चा अहिल्याबाई होळकर मोफत पास मुलींना बारावीपर्यंत मिळतो, हे कित्येक पालकांना मीच सांगितलंय. दहावीनंतर घरी बसलेली मुलगी वर्ष-दोन वर्षांत लग्नाला लागते. म्हणून माझ्या मते उर्दू शाळेत चांगलं मराठी शिकवणं हासुद्धा कोवळ्या वयातलं बाळंतपण टाळायचा उपाय आहे. कोणाला हसायचं असेल तर हसा.

मराठवाड्यात पाचोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक साधी गोष्ट केली. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना तयार करून किशोरवयीन मुलींसाठी रोज संध्याकाळी तासभराचा वर्ग चालवला. वर्षभर. त्यात शरीर, आरोग्य, कायदा, व्यवहार हे सगळं होतं. चार-पाच वर्षांत त्या गावांमधलं मुलींच्या लग्नाचं मध्यक वय 16 वरून 17 वर गेलं. एक वर्ष म्हणजे काय, असं वाटेल. सोळाव्या वर्षी सासरी गेलेल्या मुलीला विचारा.

आपली पोरं मोजणारे आणि लपवणारे

आता थोडं बाहेरच्यांशी. मुसलमान आणि कुटुंबनियोजन हे दोन शब्द एकत्र आले की काहींचे डोळे चमकतात. त्यांना आकडे हवेत ना, घ्या. 1992-93 साली देशातल्या मुस्लिम स्त्रीला सरासरी 4.4 मुलं होती. 2019-21 मध्ये 2.36. एवढी मोठी घट दुसऱ्या कोणत्या धर्मसमूहात झालेली नाही. ती कोणाच्या भाषणाने झाली नाही, शिकलेल्या आयांनी केली. ज्यांना आमच्या मुली मोजण्यातच रस आहे, वाचवण्यात नाही, त्यांनी हा लेख वापरू नये.

आणि आपल्यातले जे म्हणतात, हे सगळं आपली संख्या कमी करायचं कारस्थान आहे, त्यांना मी एवढंच मान्य करते की संशयाला इतिहास आहे. आणीबाणीत माणसं धरून नसबंदी केली. 1976 साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक संमत करणारं विधिमंडळ आपल्या महाराष्ट्राचंच होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, एवढंच. ती जखम खरी आहे. पण सक्तीला विरोध करायचा, तर सगळ्याच सक्तीला करा. सोळाव्या वर्षी आई व्हायला लावणं हीसुद्धा सक्तीच आहे.

कोकणातले आपण बहुतेक शाफ़ई. इमाम ग़ज़ाली आपल्याच मसलकाचे. नऊशे वर्षांपूर्वी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये त्यांनी अज़्ल, म्हणजे त्या काळचं गर्भनिरोधन, जायज़ ठरवलं. बाळंतपणातला बायकोच्या जिवाचा धोका आणि फार मुलांमुळे होणारी ओढाताण ही कारणंही त्यांनी मान्य केली. उलेमांत मतभेद आहेत, पण हा विषय निषिद्ध कधीच नव्हता. इराणमध्ये 1989 नंतर मौलवींच्या राज्यात निकाहाआधी कुटुंबनियोजनाचा वर्ग सक्तीचा होता, गोळ्या-निरोध सरकारी दवाखान्यात फुकट मिळत. सहाच्या वर असलेली मुलांची सरासरी वीस वर्षांच्या आत दोनच्या आसपास आली. पुढे 2012 च्या सुमारास तिथल्या सत्तेला संख्या हवीशी वाटली आणि धोरण उलटं फिरलं. दीन तोच होता, राजकारण बदललं. बांगलादेशनेही जन्मदर खूप खाली आणला, पण तिथे आजही सुमारे निम्म्या मुलींची लग्नं अठराच्या आत होतात. यातून एक धडा घ्यावा. नुसत्या गोळ्या वाटून मुलगी वाचत नाही. शाळा, लग्नाचं वय आणि दवाखाना, तिन्ही एकदम लागतात.

घरातल्या बायका

नको असलेलं गरोदरपण फक्त कुमारिकांचं नसतं. आपल्या किनाऱ्यावर ते बहुतेक वेळा लग्न झालेल्या बाईचं असतं, म्हणून त्याला कोणी नाव देत नाही. नवरा दुबईला किंवा कुवेतला, दोन वर्षांनी दोन महिने सुट्टीवर. किंवा बोटीवर खलाशी, आणि 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद म्हणून घरी. बाई म्हणते, वर्षभर नवरा नाही तर गोळी कशाला? मग तो येतो, आणि तो गेल्यावर तिला कळतं. आधीचं मूल अजून वर्षाचं नसतं. वय वीस-एकवीस.

यासाठी सरकारी दवाखान्यात सोयी आहेत आणि त्या फुकट आहेत. तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन. 'छाया' गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. तांबी. निरोध. संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची गोळी आशाताईंकडेही मिळते. कोणाला काय चालेल ते डॉक्टर किंवा नर्सताई सांगतील, शेजारीण नव्हे. सुट्टीचं विमान तिकीट दोन महिने आधी काढता, तर दवाखान्यातही दोन महिने आधी जा.

दवाखान्याचं दार

किशोरवयीनांसाठी 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' चालवायची, तिथे समुपदेशक बसायचे, 10 ते 19 वयाच्या मुलामुलींशी खाजगीत बोलायचं. योजना चांगली आहे. मी दहावीच्या वर्गात विचारलं, मैत्री क्लिनिक कोणी ऐकलंय? एकही हात वर आला नाही. स्टाफरूममध्ये विचारलं, तिथेही नाही. मुलींना माहीत नसलेली मैत्री काय कामाची?

आणि कायदा. पोक्सोने अठराखालच्या मुलांना संरक्षण दिलं, ते हवंच. पण गुन्हा कळला की पोलिसांना कळवायचं बंधन असल्याने डॉक्टर घाबरतात, आणि पालक त्याहून जास्त. मग ती रात्रीची गाडी निघते. 2022 च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अल्पवयीन मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना मुलीचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला पालकांच्या लेखी संमतीने, दोन डॉक्टरांच्या मताने 24 आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो. हे किती डॉक्टर पालकांना सांगतात? माझ्या विद्यार्थिनीच्या घरच्यांना हे कोणी दारातच सांगितलं असतं, तर तिला त्या रात्री तिथे जावं लागलं नसतं.

गर्भपात दीनच्या दृष्टीने किती गंभीर आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच तर मी म्हणते, तिथपर्यंत गोष्ट जाऊच देऊ नका. त्या टोकाला पोहोचल्यावर फतवा विचारायला येणारे बाप त्याआधीची पाच वर्षं कुठे होते?

मागणं

माझं मागणं फार नाही. शाळांनी तो धडा वर्गात शिकवावा, मुलामुलींना, लागलं तर वेगवेगळं बसवून. विज्ञानाच्या शिक्षकांना संकोच वाटत असेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या नर्सताईंना बोलवावं. त्या मालवणीत सांगतील, मुलींना जास्त कळेल. मैत्री क्लिनिकच्या समुपदेशकांनी वर्षातून दोनदा उर्दू शाळेतही यावं. जमातींनी ठरवावं की मुलीच्या जन्माचा दाखला पाहिल्याशिवाय निकाह पढवला जाणार नाही. इमाम साहेबांनी वर्षातला एक जुमा मुलांच्या बापांशी याविषयी बोलावं, आणि मुलांच्या जबाबदारीविषयी आधी. कारण आजवर सगळी पहारेदारी आपण मुलींवरच केली.

पालकसभेत पुन्हा कोणी उठून विचारेल, चेडवांक ह्या सगळा कित्याक? मी या वेळी हसण्यावारी नेऊ देणार नाही. मी त्यांना एस.टी. स्टँडवरच्या त्या मुलीबद्दल सांगेन. नाव न घेता. आणि सहामाहीनंतर तो धडा आला की विज्ञानाच्या तासाला मी मागच्या बाकावर जाऊन बसणार आहे. आमच्या सरांना तसं सांगून ठेवलंय. ते जरा दचकले, पण नाही म्हणाले नाहीत.